तोडगा अशक्य

२०२५च्या जुलैमध्ये मला गुवाहाटीहून एक मेल आली. पाठवणारा संशोधन करणारा विद्यार्थी होता. जुन्या असमिया मासिकांची पानं स्कॅन करायची आणि त्यातला मजकूर संगणकाला वाचता येईल, शोधता येईल असा करायचा, हे त्याचं काम. मेलमध्ये नमस्कारानंतर लगेच त्याने आपल्या पडद्यावरच्या चार-पाच ओळी चिकटवल्या होत्या. त्यातली शेवटची होती, 'रिझोल्यूशन इम्पॉसिबल'. तोडगा अशक्य. आणि त्याखाली अगदी नम्रपणे लिहिलं होतं, "मॅडम, माझ्या समजुतीप्रमाणे अडचण तुमच्या पॅकेजमुळे येते आहे."

माझं पॅकेज अजून कोणी वापरत असेल, हेच मला ठाऊक नव्हतं.

मी बंगळुरूला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. हे पॅकेज मात्र नोकरीतलं नव्हे. ते निघालं सांगलीतून, पुराच्या पाण्यातून. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या आत्याच्या तळमजल्यावरच्या खोलीतही आलं. पलंगाखाली तिची लोखंडी ट्रंक होती आणि ट्रंकेत १९६०पासूनचे दिवाळी अंक. पाणी ओसरल्यावर तिने ते एकेक करून गच्चीत वाळवले. वाळले, पण पानं पिवळी पडली, पापडासारखी वाकडी झाली. हे फार दिवस टिकणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. मग तिने मोबाइल हातात घेतला आणि रोज दुपारी दहा-पंधरा पानांचे फोटो काढायला लागली. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, कामाला शिस्त होती. फोटोंना मात्र नव्हती. प्रत्येक पान वेगळ्या कोनात कललेलं आणि खालच्या कोपऱ्यात, बहुतेक फोटोंत, तिचा अंगठा.

"यातलं शोधता येईल असं काहीतरी कर बाई तू," ती फोनवर म्हणाली. "नुसते फोटो बघून मला काय सापडणार?"

मी म्हटलं, करते.

पहिलं काम पानं सरळ करण्याचं. त्यासाठी मी जे वापरलं ते माझं संशोधन नव्हतं. देवनागरीवर काम करणाऱ्यांना ते पूर्वीपासून माहीत आहे. आपल्या लिपीला शिरोरेषा आहे. छापील पानाच्या आडव्या ठिपक्यांच्या एकेका रांगेत किती काळे ठिपके आहेत ते मोजत गेलं, तर शिरोरेषेच्या रांगेत तो आकडा एकदम उंच जातो. पान थोडं थोडं फिरवत राहायचं आणि ज्या कोनात तो आकडा सगळ्यात उंच होईल तो कोन खरा. लिपीने स्वतःसोबत फूटपट्टी आणलेली असते, ती फक्त वापरायची. गुजरातीला हे जमत नाही, तिने रेषा सोडून दिली. ओडियाची डोकी गोल. मी राहते तिथल्या कन्नडला तलेकट्टु आहे, पण तो ज्या त्या अक्षराचा सुटा. बांग्ला आणि असमियाला मात्र आपल्यासारखीच रेषा आहे. म्हणून आत्याच्या पानांसाठी लिहिलेल्या शे-दीडशे ओळी गुवाहाटीला पोचल्या. मी त्या पॅकेज करून सार्वजनिक ठिकाणी ठेवल्या होत्या, कोणाला लागल्या तर घ्या म्हणून. आवृत्ती ०.१.

आता त्या लाल ओळीबद्दल.

आज कोणीही सगळं सॉफ्टवेअर स्वतः लिहीत नाही. माझ्या दीडशे ओळींनाही ठिपक्यांचं गणित करायला 'नम्पाय' नावाचं पॅकेज लागतं. पायथन भाषेत आकडेमोड करणारं जवळजवळ सगळं जग त्याच्या खांद्यावर उभं आहे. याला आमच्याकडे डिपेन्डन्सी म्हणतात. मी नम्पायवर अवलंबून, तो विद्यार्थी माझ्यावर अवलंबून, आणि शिवाय अक्षरं ओळखणाऱ्या दुसऱ्या एका पॅकेजवर, जे स्वतःही नम्पायवरच अवलंबून. प्रत्येक पॅकेजसोबत एक यादी असते, त्यात लिहिलेलं असतं की मला कोणाची कोणती आवृत्ती चालेल. माझ्या यादीत लिहिलं होतं, नम्पाय १.२४च्या आतली. त्या दुसऱ्याच्या यादीत लिहिलं होतं, नम्पाय २ किंवा पुढची.

जावास्क्रिप्टच्या जगात असं झालं तर दोघांना दोन चुली मांडून देता येतात, एकाच घरात एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या नांदतात. पायथनमध्ये एका घरात चूल एकच. इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम बिचारा खूप प्रयत्न करतो: याची जुनी आवृत्ती घेऊन बघ, त्याची आणखी जुनी घेऊन बघ, मागे मागे जात राहतो. २०२०च्या अखेरीपर्यंत तो तेवढंही करत नसे. यादीत जो पहिला दिसेल त्याचं ऐकायचं आणि पुढे जायचं, मग घर नंतर कोसळलं तरी चालेल. आता तो सगळं तपासतो आणि काहीच जुळलं नाही तर प्रामाणिकपणे सांगतो, तोडगा अशक्य.

हा प्रश्न गणिताच्या दृष्टीनेही अवघड आहे. शाळेचं वेळापत्रक लावणं ज्या कुळातलं, त्याच कुळातला. मिळालेलं उत्तर बरोबर आहे का हे पटकन तपासता येतं, पण उत्तर हमखास लवकर शोधून देणारी युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. वेळापत्रक म्हटलं की मला आत्याच आठवते. दर जूनमध्ये तिच्या शाळेचं वेळापत्रक तिच्याकडे असे. जमिनीवर मोठा कागद पसरून, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन ती बसायची. मी लहान होते, शेजारी बसून पेन्सिलींना टोक काढून द्यायचे. कुठेतरी हमखास अडायचं. मग ती कागद गुंडाळून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन, ज्या शिक्षकांनी 'बुधवारी मधल्या सुट्टीनंतर तास नको' असं कळवलेलं असे त्यांना विचारायची, का नको? कधी त्यामागे आजारी सासू असायची, कधी डेपोतून सुटणारी एकुलती एक एसटी, तर कधी काहीच नसायचं, तीन वर्षांपूर्वी लिहून दिलेलं तसंच चालत आलेलं. "कागदावर नुसतं नको असतं," ती म्हणायची. "का नको ते माणसाला विचारावं लागतं."

तर, नम्पाय १.२४च्या आतली का?

हे विचारायला मला कुठे जायची गरज नव्हती. ते मीच लिहिलं होतं आणि का लिहिलं तेही मला लख्ख आठवत होतं. ते आठवू नये म्हणूनच मी पहिलं उत्तर जरा तुटक पाठवलं. लिहिलं की माझ्या पॅकेजसाठी वेगळं बिऱ्हाड कर, म्हणजे संगणकावर एक स्वतंत्र कप्पा करून त्यात जुना पायथन आणि जुना नम्पाय ठेव. पानं तिथे सरळ कर आणि मग इकडे आण. त्याचं उत्तर तासाभरात आलं. मॅडम, वर्षभर तेच करतो आहे. पण आता हे सगळं एका छोट्या गावातल्या वाचनालयाच्या स्वयंसेवकांना द्यायचं आहे आणि त्यांना दोन बिऱ्हाडं सांभाळणं जमत नाही. शिवाय १.२४च्या आतला नम्पाय पायथन ३.१२वर बसतच नाही, त्यामुळे त्यांना नवे संगणक मिळाले की आधी पायथन उतरवून जुना चढवावा लागतो. शेवटी लिहिलं होतं, "तुम्हाला वेळ नसेल तर मला पॅकेजचे हक्क द्या, मी नवी आवृत्ती काढतो."

ही शेवटची ओळ मी बराच वेळ वाचत बसले.

आदल्याच वर्षी, मार्च २०२४मध्ये, 'एक्सझेड' नावाच्या एका साध्याशा पॅकेजची गोष्ट आमच्या क्षेत्रात गाजली होती. फाइली दाबून लहान करणारं पॅकेज, जगभरच्या लिनक्स यंत्रांवर असलेलं, आणि सांभाळणारा मुख्यतः एकटा माणूस, बिनपगारी, थकलेला. एक मदतनीस आला, दोनेक वर्षं मन लावून काम करत राहिला, त्याला हक्क मिळाले. मग त्याने त्यात एक चोरदरवाजा बसवला. एका अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं वाटलं, त्याने खोदून पाहिलं, म्हणून ते उघडकीला आलं. माझं पॅकेज काही जगाच्या कुलपात बसलेलं नाही. तरीही माझ्या नावाने लोक जे उतरवून घेतात त्याची किल्ली, केवळ मला कंटाळा आला म्हणून, न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्यायची? आणि दुसऱ्या बाजूने, तो मुलगा खरोखरच भला असणार, मला हे जवळजवळ नक्की वाटत होतं. मदत करायला आलेल्या प्रत्येकाकडे आता संशयाने बघायचं, हेही माझ्याच्याने होईना.

मग मी रविवारी बसले.

का नको, त्याची हकिगत अशी. २०१९मध्ये लिहिताना मी 'एनपी डॉट इंट' हा शब्द वापरला होता. पूर्णांक या अर्थाचा, पायथनच्या साध्या 'इंट'चंच नम्पायने दिलेलं दुसरं नाव. २०२१च्या जानेवारीत नम्पायच्या १.२० आवृत्तीने सांगायला सुरुवात केली की हे नाव आम्ही काढून टाकणार आहोत, साधं 'इंट' लिहा. प्रोग्रॅम चालवला की दर वेळी ती सूचना यायची. बदल अर्ध्या मिनिटाचा होता. मी तो केला नाही. त्याऐवजी एक ओळ लिहिली: सगळ्या सूचना बंद. पडदा स्वच्छ झाला. पुढे २०२२च्या डिसेंबरात १.२४ आली आणि ते नाव खरंच गेलं. महिन्याभरात कोणीतरी मला कळवलं की तुमचं पॅकेज आता चालत नाही. मी तेव्हा घर बदलत होते. सामानाच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून मी यादीत एक ओळ घातली, 'नम्पाय १.२४च्या आतली', आवृत्ती ०.३ म्हणून सोडून दिली आणि टेम्पोवाल्याला पैसे द्यायला खाली गेले.

एवढंच. त्या आकड्यामागे ना आजारी सासू होती, ना एसटी. आळस होता आणि तो गुवाहाटीच्या पुढच्या एका वाचनालयात कोणाला तरी नवा संगणक वापरू देत नव्हता.

मी 'एनपी डॉट इंट'चं 'इंट' केलं. सात ठिकाणी होतं, मिनिट लागलं. यादीतली मर्यादा काढली. नम्पाय २ बसवला. ही जून २०२४ची आवृत्ती, २००६नंतर अठरा वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी आपला पहिला आकडा बदललेला. प्रोग्रॅम चालला. काहीही तक्रार न करता चालला. आता नवी आवृत्ती काढायची आणि मुलाला कळवायचं, एवढंच बाकी होतं.

पण चाचणीसाठी माझ्याकडे आत्याच्याच फोटोंशिवाय दुसरं काही नव्हतं. ते मी साडेतीन-चार वर्षांत उघडले नव्हते. ६१२ पानं. सगळी यंत्रातून काढली आणि उघडून बघितली. सगळी पानं डावीकडे पाच अंशांनी कललेली. जी मुळात सरळ होती तीसुद्धा. सगळ्यांनी मिळून एकाच बाजूला मान टाकल्यासारखी.

दोन तास लागले शोधायला. करड्या रंगाच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५मधला आकडा असतो, ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. आत्याचे कागद पिवळे, म्हणून मी प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात ६० मिळवत होते. बेरीज २५५च्या पुढे गेली तर तो कागद, नाही तर शाई. २०० अधिक ६०, २६०, म्हणजे कागद. जुना नम्पाय इथे माझी काळजी घेत होता. २५५पर्यंतच मावणाऱ्या खणातल्या एकट्या आकड्यात साधा पूर्णांक मिळवला की तो उत्तरासाठी गुपचूप मोठा खण काढून देत असे. नम्पाय २ने ते बंद केलं. खण जेवढा तेवढाच राहील, आकडा मावला नाही तर गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखा शून्यावरून पुन्हा सुरू होईल. त्यामुळे २०० अधिक ६० झाले ४. बेरीज कधीच २५५च्या पुढे जाईना, कुठलाही ठिपका कागद ठरेना. यंत्राच्या लेखी पूर्ण पान म्हणजे शाई. सगळे कोन सारखेच, म्हणून त्याने आपला पहिला कोन घेतला, डावीकडे पाच अंश.

नम्पायचा हा निर्णय चुकीचा नाही. उत्तराचा खण आकड्यागणिक बदलत राहिला तर मोठ्या हिशोबांत कोणाचा कोणाला मेळ लागत नाही. त्यांनी तो आधी जाहीर केला होता, कारणं लिहून दिली होती. आणि प्रोग्रॅम चालताना सूचनाही येते की बेरीज खणाबाहेर गेली. मला ती आली नाही, कारण २०२१मध्ये मी सगळ्या सूचना बंद केल्या होत्या.

म्हणजे हिशोब उलटाच झाला. ज्या मर्यादेला मी निव्वळ आळस समजत होते तिने या अडीच वर्षांत त्या मुलाची पानं वाचवली होती. ती मला न कळत खरी झाली होती. त्याने माझ्याकडून हक्क घेऊन, किंवा माझ्या पॅकेजची स्वतःची प्रत करून, नुसता तो आकडा खोडला असता, आणि यादीत आकडाच तेवढा दिसत होता, तर लाल ओळ गेली असती, सगळं हिरवं झालं असतं आणि हजारो असमिया पानं मान टाकून पुढच्या यंत्रात गेली असती. त्या यंत्राने अक्षरांऐवजी भलतंच काहीतरी वाचलं असतं आणि दोष त्याच्या माथी गेला असता. लाल ओळ निदान थांबवत तरी होती.

दुरुस्ती पुन्हा एका शब्दाची. बेरजेच्या आधी आकड्याला साध्या 'इंट'मध्ये काढून घ्यायचं, मग खणाचा प्रश्नच येत नाही. एकीकडून ज्या नावाला हाकललं त्याच्याच साध्या रूपाला दुसरीकडे बोलावून आणलं. हा बदल जुन्या नम्पायवरही चालतो, नव्यावरही. सूचना बंद करणारी ओळ मी काढून टाकली. पानं पुन्हा यंत्रात घातली. सरळ आली. अंगठ्यासकट.

संध्याकाळी आत्याला फोन केला. ती आता ७९ वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघालेले. म्हटलं, आत्या, तुझे ते फोटो मी पुन्हा घेतलेत, आता वाचणारी यंत्रंही सुधारली आहेत, राहिलेले अंक काढून ठेव, पुढच्या महिन्यात येऊन मीच स्कॅन करते.

"राहिलेले कुठले?" ती म्हणाली. "ते मागेच रद्दीत गेले की. पानं एकमेकांना चिकटली होती, बुरशी धरली होती. ट्रंकेत आता पापड-कुरडया असतात."

मला बोलता येईना. तिलाच माझी दया आली असावी.

"अगं, सहाशे आहेत ना? सहाशे काही कमी नाहीत," ती म्हणाली. "आणि माझा अंगठा काढता आला तर तेवढा काढ."

तिने मला कधी विचारलं नव्हतं की त्याचं काय झालं. मी तिच्याही सूचना बंद करून ठेवल्या होत्या का, असं रात्री मनात आलं, पण ते खरं नव्हतं. तिने सूचना दिलीच नव्हती. ती फक्त वाट बघत होती, आणि वाट बघणाऱ्या माणसाच्या बाजूने पडद्यावर काहीही उमटत नाही.

गुवाहाटीच्या मुलाला मी सगळं सविस्तर लिहिलं, ०.३मधला आळससुद्धा. हक्क दिले नाहीत. त्याऐवजी त्याच्याकडून वीस असमिया पानं मागितली. आता नवी आवृत्ती काढायच्या आधी आत्याची वीस आणि त्याची वीस पानं सरळ येतात का हे तपासलं जातं, बदल त्याने केला तर मी बघते, मी केला तर तो बघतो. असे काही महिने गेले की किल्लीचं बघू, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, हेच बरं आहे.

आवृत्तीला आकडा काय द्यायचा हा प्रश्न राहिला. आमच्याकडे पहिला आकडा शून्य असेल तर त्याचा अर्थ असतो की अजून काहीही पक्कं नाही, विसंबून राहू नका. सहा वर्षं मी त्या शून्याच्या आड उभी होते आणि लोक तरीही विसंबून राहिले होते. मी १.०.० लिहिलं.

यादीत नम्पायच्या पुढे आता वरची मर्यादा नाही. पुढे कधीतरी पुन्हा मोडेल, मोडू दे, पण मला कळू दे. आणि समजा मर्यादा घालावी लागलीच, तर तिच्या शेजारी का, कधी आणि कोणी हे लिहायचं, असं ठरवलं आहे. त्या जागी सध्या एकच ओळीची टीप आहे. तिच्यात लिहिलं आहे की २०० अधिक ६० कधी कधी ४ होतात.

अंगठा अजून निघालेला नाही. तो काढायचा प्रोग्रॅम मला लिहिता येईल, पण काढावा की नाही ते ठरत नाही.